विक्रम की उच्चांक? : शिडाच्या फळीवरील वेगाचा इतिहास

'रेकॉर्ड'साठी मराठीत दोन शब्द रूढ आहेत : विक्रम आणि उच्चांक. पहिल्याच्या मुळाशी पाऊल टाकण्याची क्रिया आहे. 'त्रिविक्रम' या नावात ती स्पष्ट दिसते. दुसऱ्याच्या मुळाशी केवळ अंक आहे. वर्गात आम्ही हे शब्द समानार्थी म्हणूनच सांगत आलो. विंडसर्फिंगच्या वेगाचा इतिहास पाहताना मात्र त्यांतील अंतर प्रथमच जाणवले.

विंडसर्फिंग म्हणजे फळीवर उभे राहून, हातांनी शीड तोलत वाऱ्याच्या बळावर पाणी कापणे. डोलकाठी सर्व दिशांना वळणाऱ्या सांध्यावर बसवलेली असते. म्हणून शीड कलवूनच दिशा बदलता येते, सुकाणू लागत नाही. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात हॉइल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक यांनी या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला; पण त्याआधीही पेनसिल्व्हेनियात न्यूमन डार्बी आणि इंग्लंडमध्ये पीटर चिल्व्हर्स यांनी असे प्रयोग केले होते.

शिडाच्या जोरावरील वेगाची अधिकृत मोजणी १९७२ साली सुरू झाली. अंतर ठरले ५०० मीटर. प्रारंभीची सत्ता टिम कोलमन यांच्या 'क्रॉसबो' नावाच्या प्रचंड नौकांची होती. १९८० मध्ये त्यांतील दुसरीने ३६ नॉट गाठले. १९८६ साली फुएर्तेव्हेंतुरा बेटावर पास्काल माका याने साध्या फळीवरून ३८.८६ नॉट वेग नोंदवला आणि बड्या नौका मागे पडल्या. १९८८ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, सँत-मारी-द-ला-मेर येथे, एरिक बील याने ४०.४८ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ७५ किलोमीटर, वेग साधला. तेथे यासाठीच एक अरुंद कालवा खणलेला होता. वारा जवळच्या काठावरून येत असल्याने त्यात लाटा उठायला वावच नसे. पुढे नामिबियातील ल्युडेरिट्झ येथेही असाच कालवा खणला गेला, आणि २०१५ साली आंत्वान आल्बो याने तेथे ५३.२७ नॉट वेग नोंदवला. ५०० मीटर अंतर त्याने अठरा-एकोणीस सेकंदांत तोडले.

हे खरे विक्रम. त्यांना कालवा लागतो, घड्याळे लागतात, पंच लागतात आणि पैसाही. आपल्या खाडीत रविवारी फळी घेऊन उतरणारा सामान्य माणूस या इतिहासाबाहेरच राहिला.

त्याला आत आणले ते उपग्रहांनी. नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत अमेरिका मुद्दाम मिसळत असलेली अचूकतेची घट मे २००० मध्ये थांबली. त्यानंतर काही वर्षांतच दंडावर वा मनगटावर बांधण्याजोगी यंत्रे आली. उपग्रहाच्या संकेताची वारंवारता गतीमुळे किंचित बदलते. त्या बदलावरून ती वेग काढतात. आता कोणतेही सपाट पाणी मापनपट्टी झाले. प्रतिस्पर्धी मात्र उरला एकच : काल वेगाने गेलेला आपण स्वतः.

येथे साक्षीचा प्रश्न उभा राहतो. तोल जाऊन माणूस आदळला, हात पाण्याखाली गेला, की यंत्र कधी कधी अशक्य आकडा दाखवते. तो मिरवायचा की पुसायचा? क्षणिक शिखराचा मोह टाळण्यासाठीच या मंडळींनी सरासरीची शिस्त स्वीकारली : प्रत्येकी दहा सेकंदांच्या पाच सर्वोत्तम धावा, आणि त्यांची सरासरी. पंच नाही, म्हणून नियम अधिक कडक.

आत्मचरित्र शिकवताना आम्ही हाच प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवत असतो. जेथे सांगणारा आणि साक्षीदार एकच असतो, तेथे सत्याचा भार कोण वाहतो? लेखकाने गाळलेल्या प्रसंगाचा हिशेब वाचकाला कधीच लागत नाही. खोटा आकडा पुसणाऱ्या त्या माणसाचा प्रामाणिकपणाही तसाच अदृश्य असतो.

आणि एक धोका उरतोच. वय वाढते, वारा दरवर्षी सारखा लाभत नाही, पण जुना अंक तसाच टवटवीत राहतो. केवळ त्याच्याशी झुंजत राहिले, तर पायाखालचे पाणी दिसेनासे होते. अशा वेळी 'उच्चांक' बाजूला ठेवून 'विक्रम' या शब्दाकडे परतावे, असे आम्हांला वाटते. त्यात अंक नाही. पुढे टाकलेले पाऊल आहे.