तटाच्या आत, तटाच्या बाहेर : वसईचे संत जोसेफ चर्च

उल्हास नदीच्या खोऱ्यात, एकमेकांपासून फार दूर नसलेल्या दोन वास्तूंच्या दारांवर दोन शिलालेख आहेत. एक अंबरनाथला, उल्हासच्या खोऱ्यातल्या वालधुनीच्या काठी : शिलाहारांच्या शिवमंदिराच्या तुळईवर कोरलेला, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा. दुसरा, बदलापूर-उल्हासनगरकडून वाहत आलेले हे पाणी जिथे समुद्राला मिळते त्या मुखाशी : वसईच्या किल्ल्यातील संत जोसेफ चर्चच्या दारावरचा, १६०१ चा पोर्तुगीज लेख. मंदिरात आजही पूजा चालते. सुमारे पाच शतकांनी तरुण असलेले चर्च मात्र छपराविना उभे आहे. असे का झाले, याचे उत्तर त्या चर्चभोवतीच्या तटात सापडते.

हुमायूनच्या दबावाखाली आलेल्या गुजरातच्या बहादूरशहाने डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. १५४६ मध्ये राजा तिसऱ्या जुआंवच्या आज्ञेने संत जोसेफच्या चर्चचे काम सुरू झाले. जेझुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन या संघांनीही शहरात आपापले मठ आणि चर्चे बांधली. पण संत जोसेफ कोणत्याही संघाचे नव्हते, ते नगराचे मुख्य चर्च होते. दारावरचा लेख सांगतो की गोव्याचे आर्चबिशप आलेइशू द मेनेझिस आणि इथले धर्मगुरू पेद्रो गाल्वाँव परेरा यांच्या कारकिर्दीत, १६०१ मध्ये, या चर्चचे नूतनीकरण झाले. चर्च वाढवणारे हे गाल्वाँव १९ मार्च १६१८ रोजी, म्हणजे संत जोसेफच्याच सणादिवशी, वारले आणि इथेच पुरले गेले.

हे वैभव तटाच्या आतले होते. १६७५ च्या सुमारास वसई पाहणारा इंग्रज वैद्य जॉन फ्रायर नोंदवतो की तटाच्या आत रात्री राहण्याची मुभा फक्त ख्रिस्ती लोकांना होती. दिवसभर व्यापार करणारे वाणी संध्याकाळी बाहेरच्या वस्तीत परतत. तट तोफांसाठी होता, तसा माणसे निवडण्यासाठीही होता.

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने सान सेबास्तियन बुरुजाखाली सुरुंग उडवले आणि मे महिन्यात शहर शरण आले. तहानुसार शिबंदी शस्त्रांसह सन्मानाने बाहेर पडली आणि कुटुंबांना चीजवस्तू नेता आली. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. पोर्तुगीज गेले आणि संत जोसेफचे चर्च ज्या नगरासाठी बांधले होते ते नगरच उरले नाही. या मोहिमेतल्या चर्चच्या घंटा मराठे सरदारांनी देवळांना वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातल्या घंटेवर १७२१, तर भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ हे साल आहे. त्या आजही वाजतात, वेगळ्या देवासाठी.

पण चर्च ओस पडले म्हणून वसईतला ख्रिस्ती धर्म संपला नाही. तो आधीच तटाबाहेर, वाडवळ आणि सामवेदी ख्रिस्ती गावांत, शेतांत आणि वाड्यांत रुजला होता. १५९७ मध्ये नागासाकीला हुतात्मा झालेले आणि १८६२ मध्ये संतपद मिळालेले गोन्सालो गार्सिया वसईचेच. त्यांची आई इथली स्थानिक स्त्री. भाषेचा पायाही त्याच काळात घातला जात होता. गाल्वाँव हयात असतानाच, १६१६ मध्ये, गोव्यात राचोल येथे फादर स्टीफन्सचे मराठी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' छापले गेले. दारावरच्या पोर्तुगीज लेखापेक्षा ही ओवी दीर्घायुषी ठरली. १९६० च्या दशकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला वाट करून दिल्यावर वसईच्या चर्चांतली उपासनाही लॅटिनमधून मराठीत आली. आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषवले.

संत जोसेफचा मनोरा आणि भिंती पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत, आणि त्या जपायलाच हव्यात. मात्र त्यांना केवळ परक्या सत्तेचा अवशेष किंवा केवळ मराठ्यांच्या विजयाची खूण म्हणून पाहिले, तर तटाबाहेर राहून मराठीत प्रार्थना करणारा समाज या इतिहासातून वगळला जातो. या चर्चचा वारसा चालवणारे लोक तेच आहेत.