भुवया, ओठ किंवा हातावर टॅटू काढायचाय? सुईखाली बसण्याआधी हे तपासा

तिसगाव (ता. पाथर्डी) : आजी-पणजीच्या कपाळावरचं, हातावरचं हिरवं गोंदण आपल्याकडे घरोघरी पाहिलेलं. आता लग्नसराईत भुवया कोरून घेणं, ओठांत रंग भरणं सुरू झालंय. मढीसारख्या मोठ्या यात्रेला गेल्यावर हातावर नाव गोंदवून घ्यावंसं वाटतं, ते वेगळंच. प्रकार कुठलाही असो, काम एकच : सुईने कातडीच्या आत रंग सोडणं. त्यामुळे धोकाही तिथेच आहे.

सगळ्यात मोठा धोका सुईचा
एकाला वापरलेली सुई दुसऱ्याला लावली तर हिपॅटायटीस बी, हिपॅटायटीस सी आणि एचआयव्ही पसरू शकतो. सुई नुसती पुसून किंवा गरम पाण्यात बुडवून भागत नाही. शिल्लक रंग पुन्हा वापरणंही तितकंच धोक्याचं.

बसण्याआधी डोळ्यांनी बघा
- नवी सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून काढली का?
- रंग वेगळ्या, नव्या छोट्या टोपणात ओतला का?
- हात धुऊन नवे हातमोजे घातले का?

एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर उठून या. पैसे दिले असले तरी.

यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये
- शुगर असलेले, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणारे
- जखमेचा वण फुगून वाढतो असे
- कोड किंवा सोरायसिस असलेले. सुई लागलेल्या जागी नवा चट्टा उठू शकतो
- ओठांवर वारंवार जर उठणारे

गरोदर बायकांनी बाळंतपण होईपर्यंत थांबावं. रंगाची ॲलर्जीही होते, लाल रंगाने जास्त. ती कधी कधी काही महिन्यांनीही उठते.

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनो
सैन्यभरतीत कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूलाच टॅटू चालतो. दंडावर, मानेवर, छातीवर असेल तर मेहनत वाया जाऊ शकते. आदिवासी उमेदवारांना परंपरेनुसार सवलत आहे. आधी भरतीची जाहिरात नीट वाचा. टॅटू काढल्यावर 12 महिने रक्तदानही करता येत नाही.

नंतर काय?
काही दिवस थोडी सूज, खपली येणं साहजिक आहे. खपली खरवडू नका, हळद-चुना लावू नका. पू, ताप किंवा वाढती लाली दिसली तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

वापरलेली सुई लागल्याचा संशय असेल तर 72 तासांच्या आत सरकारी रुग्णालयात जा. एचआयव्ही टाळण्याची औषधं जितकी लवकर सुरू होतील तितकी चांगली. तिथे तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त राहतं. माहितीसाठी 1097 हा टोल फ्री नंबर आहे.

भुवयांचा रंग एक-दोन वर्षांत फिका पडतो, पण पूर्ण जाईलच असं नाही. लेसरने काढायला अनेक फेऱ्या लागतात आणि खर्च काढण्यापेक्षा पुसण्याचा जास्त. म्हणून घाई नको. आठ दिवसांनीही तेवढंच वाटलं, तर जा.