गोपनीय पत्रव्यवहार, मराठेकालीन

ज्या मजकुराची वाच्यता झाल्यास राज्यास, सैन्यास किंवा पेढीस अपाय होईल, असा मजकूर दूरवर सुरक्षितपणे पोहोचविण्याची सतराव्या व अठराव्या शतकांतील पद्धती. तीत तीन प्रश्न अंतर्भूत होते : पत्र अस्सल आहे काय, वाटेत ते कोणी वाचले काय आणि पोहोचल्यावर ते कोणाच्या हाती राहते. पहिल्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मराठ्यांच्या दप्तरपद्धतीत सापडते, दुसऱ्याचे अंशतः. तिसरा मात्र अखेरपर्यंत माणसाच्या इमानावरच अवलंबून राहिला.

अस्सलपणा : छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शिरोभागी त्यांची अष्टकोनी मुद्रा आणि अखेरीस मोर्तब उमटविलेले आढळते. मोर्तब ही मजकुराची मर्यादा होय. तिच्याखाली मागाहून काही लिहिल्यास ते तत्काळ उघडकीस येई. चिटणीस पत्राचा मसुदा सिद्ध करी, तर पत्रे तपासणे हे सचिवाचे (सुरनिसाचे) काम असे. ‘बार’ हा शेरा दप्तरी नोंद झाल्याची खूण होती. ही पत्रे मोडी लिपीत असत; तथापि मोडी ही शीघ्रलेखनाची लिपी होती, गुप्तलिपी नव्हे. ती वाचणारे कारकून सर्वत्र असल्याने तिच्यामुळे गुप्तता साधत नसे.

वहन : पत्रे जासूद, हरकारे व काशीद नेत. जासूद पुष्कळदा जोडीने पाठवीत. अत्यंत नाजूक मजकूर कागदावर न आणता विश्वासू माणसाकरवी मुखजबानी कळविण्याची रीत होती. सावकार व्यापारी परिभाषेचा आडपडदा वापरीत. पानिपतच्या लढाईनंतर (14 जानेवारी 1761) सावकारांचा एक काशीद औरंगाबादकडे पत्र नेत असता नर्मदेच्या परिसरात पेशवे बाळाजी बाजीराव यांच्या छावणीत ते उघडले गेले. त्यात मोती, मोहरा, रुपये व तांबे यांच्या नुकसानीचा हिशेब होता. त्यातील दोन मोती म्हणजे विश्वासराव व सदाशिवरावभाऊ, हे पेशव्यांना उमगले. ज्यास परिस्थिती ठाऊक आहे, त्याच्यापुढे असा संकेत टिकत नाही.

दक्षिण कोकण : मालवण, धामापूर व कुडाळ हा पट्टा अनेक सत्तांच्या सीमेवर होता. सिंधुदुर्गाची उभारणी 1664 मध्ये सुरू झाली. पुढे वाडीचे सावंत, कोल्हापूरचे छत्रपती, आंग्रे व गोव्याचे पोर्तुगीज यांचे हितसंबंध येथे परस्परांत गुंतले. 1765 मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्यास फोर्ट ऑगस्टस हे नाव दिले. अशा मुलखात पत्रास परक्या हद्दी ओलांडाव्या लागत. शिवाय गोव्याशी होणाऱ्या व्यवहारात मराठी मजकुराचे पोर्तुगीज भाषांतर करणारा दुभाषी हा गुपिताचा आणखी एक वाटेकरी ठरे. शेजारच्या राजांना धाडलेल्या पत्रांच्या नकला पोर्तुगीज सरकार वह्यांत उतरवून ठेवी. त्या गोव्याच्या पुराभिलेखागारात टिकून राहिल्या आणि पांडुरंग पिसुर्लेंकर यांच्यासारख्या संशोधकांना उपयोगी पडल्या.

विश्वासाची मर्यादा : 1681 मध्ये छत्रपती संभाजी महाराजांविरुद्ध कट करणाऱ्यांनी औरंगजेबाचा बंडखोर पुत्र शाहजादा अकबर याच्याशी पत्राने संधान बांधले. अकबराने ते महाराजांना कळविले आणि अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी चिटणीस आदींना देहदंड झाला. राज्याच्या पत्रव्यवहाराची ज्यांना सर्वांत अधिक जाण होती, त्यांचाच घात पत्राने केला. वाहकाने येथे दगा दिला नव्हता. पत्र ज्याच्या नावे होते, त्यानेच ते उघड केले.

आधुनिक साधने : फॅक्सचे मूळ अलेक्झांडर बेन याच्या 1843 च्या एकस्वात आहे, पॅरिस–लीआँ मार्गावर जोव्हान्नी काझेली याच्या यंत्राने 1865 मध्ये सार्वजनिक सेवा सुरू झाली. आंतरजालावरील फॅक्ससेवेत जासुदाची जागा सेवा पुरविणारी संस्था घेते. प्रेषकापासून संस्थेपर्यंत मजकूर सांकेतिक रूपात जाऊ शकतो. परंतु पलीकडे साधे फॅक्सयंत्र असल्यास शेवटचा टप्पा सामान्यतः उघडाच राहतो आणि संस्थेच्या संगणकात नक्कलही राहू शकते. म्हणून रुग्णपत्रिका, खरेदीखत किंवा न्यायालयीन कागद पाठविताना केवळ वहनातील सांकेतिकीकरण पाहणे अपुरे आहे. नक्कल किती काळ राहते, ती कोणास उघडता येते, पोच कशी मिळते आणि पलीकडचे यंत्र कोणाच्या खोलीत आहे, हेही पाहावे लागते. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 अन्वये अंकीय स्वाक्षरीस मान्यता मिळाली. मुद्रा व मोर्तब यांचे कार्य ती करते. पत्र स्वीकारणाऱ्याच्या इमानाची हमी मात्र तिच्यातूनही मिळत नाही.