अकाली इष्टतमीकरण

अकाली इष्टतमीकरण म्हणजे संगणकाच्या आज्ञावलीतील कोणता भाग खरोखर वेळखाऊ आहे हे न मोजताच, ती वेगवान करण्यासाठी कोडमध्ये केलेले फेरफार होय. यास प्रिमॅच्युअर ऑप्टिमायझेशन असेही म्हणतात. अशा फेरफारांमुळे कोड वाचणे, तपासणे व पुढे बदलणे अवघड होते. वेगात मात्र अनेकदा जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

उगम

अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डॉनल्ड कनूथ यांच्या १९७४ मधील लेखामुळे ही संज्ञा रूढ झाली. 'गो टू' या आज्ञेच्या वापराविषयीचा हा लेख 'कम्प्युटिंग सर्व्हेज' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सुमारे ९७ टक्के वेळा किरकोळ कार्यक्षमतेचा विचार सोडून द्यावा, परंतु उरलेल्या निर्णायक ३ टक्क्यांतील संधी दवडू नये, असे त्यांचे प्रतिपादन होते. यातील उत्तरार्ध अनेकदा विसरला जातो. त्यापूर्वी १९७१ मध्ये फोरट्रान आज्ञावल्यांच्या अभ्यासातून त्यांनी दाखवले होते, की आज्ञावलीचा ४ टक्क्यांहून कमी भाग सहसा निम्म्याहून अधिक वेळ घेतो.

उदाहरण

सी भाषेत पूर्णांकाला ८ ने भागण्याऐवजी त्याचे बिट तीन स्थाने उजवीकडे सरकवण्याची युक्ती प्रचलित आहे. आधुनिक कंपायलर गरजेनुसार असे रूपांतर स्वतःच करतात. त्यामुळे हाताने केलेल्या बदलातून सहसा वेग वाढत नाही, मूळ हेतू मात्र झाकला जातो. शिवाय दोन्ही क्रिया नेहमी समान नसतात: −१ ला ८ ने भागल्यास पूर्णांकी उत्तर ० येते, तर बिट सरकवल्यास बहुतेक संगणकांवर −१ मिळते.

मर्यादा

या संकल्पनेचा अर्थ कार्यक्षमतेकडे दुर्लक्ष करावे असा नाही. क्रमवार लावलेल्या १० लाख नोंदींमध्ये एकामागून एक शोध घेतल्यास कमाल १० लाख तुलना लागू शकतात. द्विभाजन शोधास सुमारे २० पुरतात. रीतीची अशी निवड आराखड्याच्या टप्प्यावरच करणे योग्य ठरते. तीमुळे कोडची सुबोधता फारशी कमी होत नाही.

संतुलन

प्रथम अचूक व सुबोध कोड लिहून त्याच्या चाचण्या तयार केल्या जातात. त्यानंतर प्रोफायलर या साधनाने वेळखाऊ भाग शोधून केवळ तोच बदलला जातो आणि पुन्हा मोजणी केली जाते. लाभ न दिसल्यास बदल मागे घेतला जातो. दिसल्यास त्याचे कारण टिप्पणीत नोंदवले जाते, जेणेकरून पुढे देखभाल करणाऱ्यास तो कोड समजू शकेल.