इंजिनासाठी अडलेलं विमान

लखनौच्या फैजाबाद रोडवर एचएएलचा कारखाना आहे. इथे अख्खं विमान बनत नाही. चाकं, ब्रेक, हायड्रॉलिक्स, इंधनाची यंत्रणा, उपकरणं असा सरंजाम बनतो. कारखाना १९६९ चा. आम्हा खाकीवाल्यांना विमान म्हणजे मान वर करून बघायची गोष्ट. तरी लखनौच्या पोस्टिंगमध्ये हे साल समजलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात इजिप्तमध्ये गुंडाळला गेलेला एक प्रकल्प आठवला. विमानाचं नाव एचए-३००. इजिप्तचं विमान, पण ते पहिल्यांदा आकाशात नेलं ते आपल्या माणसाने.

मूळ आराखडा विली मेसरश्मिट यांचा, स्पेनमधल्या मुक्कामातला. स्पेनने १९६० मध्ये अंग काढून घेतलं आणि नासर यांच्या इजिप्तने ते काम कैरोजवळच्या हेलवानला आणलं. इंजिनाची जबाबदारी ऑस्ट्रियाच्या फर्डिनांड ब्रांडनर यांच्यावर. युद्धानंतर रशियनांच्या ताब्यात राहून त्यांची इंजिनं बनवून आलेला हा गृहस्थ. त्यांचं ई-३०० इंजिन तयार होईपर्यंत विमानात ब्रिटिश ऑर्फियस ७०३ बसवलं.

हे ऑर्फियस आपल्या ओळखीचं. बंगळुरात कुर्ट टँक यांनी आखलेल्या एचएफ-२४ मरुतमध्येही तेच होतं, एकाऐवजी दोन. मरुत १७ जून १९६१ ला सुरंजन दास यांनी प्रथम उडवलं. आराखडा ध्वनीच्या दुप्पट वेगाकडे डोळे लावून केलेला, पण सरळ उड्डाणात ते ध्वनीचा वेगही ओलांडू शकलं नाही. हवं होतं आफ्टरबर्नर असलेलं जास्त ताकदीचं ऑर्फियस. त्याच्या विकासाचा खर्च ब्रिटिश कंपनीने भारताकडे मागितला आणि दिल्लीने हात आखडला. माझ्या मते त्या एका नकाराची किंमत आपण पुढे कितीतरी वर्षं मोजली.

म्हणजे दोन जर्मन, दोन गरीब देश आणि दुखणं एकच. साहजिकच दोघे एकत्र आले. आपल्या हवाई दलाचे चाचणी वैमानिक कपिल भार्गव हेलवानला गेले आणि ७ मार्च १९६४ ला त्यांनी एचए-३०० चं पहिलं उड्डाण केलं. पंखांचा विस्तार सहा मीटरही नाही, इतकं ते चिमुकलं. इंजिन उसनं, विमान परक्या देशाचं, आणि त्याआधी ते कोणीच उडवलेलं नाही! चाचणी वैमानिकाचं काळीज कशाचं असतं, हे एनडीएतले माझे हवाई दलातले मित्रही नीट सांगू शकलेले नाहीत.

पुढे भारताने एक मरुतच इजिप्तला पाठवलं. त्यात एका बाजूला ऑर्फियस, दुसऱ्या बाजूला ई-३००. इंजिन जमलं तर दोन्ही विमानांचा प्रश्न सुटणार होता. १९६७ मध्ये हे दोन जातींच्या इंजिनांचं मरुत उडलंही. पण जूनच्या सहा दिवसांच्या युद्धाने इजिप्तचं कंबरडं मोडलं. शिवाय रशियाचं मिग-२१ तयार मिळत होतं. ई-३०० साठी बांधलेला तिसरा नमुना उडालाच नाही.

आपणही मिगच निवडलं होतं. नाशिकजवळ ओझरला त्याचा कारखाना उभा राहिला आणि अनेक मराठी घरांची चूल त्यावर पेटली, हेही विसरून चालणार नाही. मरुत मात्र कमी ताकदीच्या इंजिनांवरच सैन्यात आलं. १९७१ मध्ये राजस्थानच्या आघाडीवर त्याने जमिनीवरच्या फौजेला दिलेली साथ आमच्या लोकांना ठाऊक आहे. त्याआधी १० जानेवारी १९७० ला आफ्टरबर्नर बसवलेल्या मरुतच्या नमुन्याची चाचणी घेताना ग्रुप कॅप्टन दास गेले. तो नमुनाही उत्पादनात आला नाही. बंगळुरात एचएएलजवळच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे.

भार्गवांनी उडवलेलं एचए-३०० आता म्युनिकजवळ श्लाइसहाइमच्या संग्रहालयात आहे. मरुत बघायला तितकं लांब जायला नको. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक उभं आहे. मुलांना घेऊन जाल तेव्हा मागच्या बाजूला जाऊन त्याची दोन्ही इंजिनांची तोंडं जरूर दाखवा.