‘धर्म’ आणि ‘जात’ : दोन रकान्यांचा इतिहास
(बीड जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

शासकीय अर्जाचा छापील नमुना हे इतिहासाचे साधन आहे, असे सहसा कोणी मानीत नाही. शिलालेख, ताम्रपट आणि दानपत्रे यांचा आपण आदराने अभ्यास करतो. जातीच्या दाखल्याकडे मात्र कार्यालयीन उपचार म्हणून पाहतो. तथापि मराठवाड्यातील बौद्ध समाजाचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास या कागदावरील ‘धर्म’ आणि ‘जात’ या दोन रकान्यांत साठलेला आहे. धम्मदीक्षेने पहिला रकाना बदलला. दुसऱ्याचे काय करावयाचे, या प्रश्नाला कायद्याने निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे दिली. ती वाटचाल बीड जिल्ह्याच्या संदर्भात येथे मांडावयाची आहे.

हैदराबाद राज्याची यादी

संविधानाच्या ३४१ व्या अनुच्छेदानुसार अनुसूचित जाती राज्यनिहाय ठरतात. त्यानुसार १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींचा आदेश निघाला, तेव्हा बीड जिल्हा हैदराबाद राज्यात होता. म्हणजे येथील अस्पृश्य जातींची पहिली घटनात्मक नोंद मुंबईच्या नव्हे, तर हैदराबादच्या यादीत झाली. याच आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात एक अट होती : हिंदूव्यतिरिक्त अन्य धर्म पाळणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही. पंजाबकडील काही शीख जातींपुरता तेवढा अपवाद होता. १९५६ मध्ये शीख धर्मीयांना सर्वत्र ही सवलत मिळाली.

त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, हैदराबाद राज्याची त्रिभागणी झाली. मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, तेलंगण आंध्रात गेले, बिदर-गुलबर्गा-रायचूरचा प्रदेश म्हैसूर राज्यास मिळाला. सुधारित यादीत मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांचा भाग स्वतंत्र होता आणि त्यात बीडचे नाव ‘भीर’ असे छापलेले होते. राज्यांतर्गत प्रदेशवार बंधने १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने दूर झाली. तोपर्यंत एकाच महाराष्ट्रात बीडची यादी वेगळी आणि पुण्याची वेगळी, अशी स्थिती होती.

राज्याचा ‘नवबौद्ध’, केंद्राचा ‘कोणीच नाही’

धम्म स्वीकारणाऱ्यांपुढे आता कठीण पेच उभा राहिला. ‘बौद्ध’ लिहावे तर घटनात्मक संरक्षण जाते. ‘हिंदू’ लिहावे तर नुकत्याच घेतलेल्या दीक्षेशी प्रतारणा होते. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याची स्थापना झाल्यावर राज्य शासनाने अनुसूचित जातींच्या राज्यस्तरीय सवलती धर्मांतरित बौद्धांस लागू केल्या आणि ‘नवबौद्ध’ हा शब्द अर्जांच्या नमुन्यांत रूढ झाला. मराठवाड्याच्या खेड्यांतून शिक्षणासाठी बाहेर पडलेल्या पिढीस या निर्णयाचा मोठा आधार झाला.

परंतु हा निर्णय महाराष्ट्रापुरता होता. बिदरकडे दिलेल्या बहिणीच्या मुलांना त्याचा उपयोग नव्हता. केंद्रीय सेवा आणि विधिमंडळातील राखीव जागा यांनाही तो लागू नव्हता. नागपूरच्या एका राखीव मतदारसंघातून १९६२ मध्ये निवडून आलेले डॉ. डी. पी. मेश्राम यांनी बौद्ध धर्म स्वीकारला असल्याने ते त्या जागेस पात्र नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये दिला. धर्म ‘पाळणे’ म्हणजे तो उघडपणे जाहीर करणे, असा अर्थ न्यायालयाने लावला. याचा व्यावहारिक अर्थ एवढाच की, ज्याने आपली श्रद्धा लपविली नाही, त्याने हक्क गमावला.

जनगणनेचे आकडेही हेच सांगतात. १९६१ मध्ये महाराष्ट्रात सुमारे २७ लाख ९० हजार लोकांनी आपला धर्म बौद्ध असा नोंदविला आणि राज्यातील अनुसूचित जातींचे प्रमाण ५.६ टक्के एवढेच भरले. १९८१ मध्येही ते ७.१ टक्के होते. १९९१ मध्ये ते एकदम ११.१ टक्के झाले. माणसे तीच होती. मधल्या काळात कायदा बदलला होता.

१९९० ची दुरुस्ती

जून १९९० मध्ये संसदेने केलेल्या दुरुस्तीने तिसऱ्या परिच्छेदात हिंदू व शीख यांच्यासमवेत ‘बौद्ध’ हा शब्द आला. चौतीस वर्षांचा अन्याय दूर झाला. पण दुरुस्तीचा नेमका आशय आजही अनेकांच्या ध्यानी आलेला नाही. दुरुस्तीने धर्माची अट शिथिल केली. जातींच्या यादीत ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ अशी नवी जात घातली नाही. केंद्रीय नोकरीच्या अर्जात जातीच्या रकान्यात केवळ ‘नवबौद्ध’ लिहिलेला दाखला अपुरा ठरतो, तो यामुळे. तेथे धर्म बौद्ध आणि धर्मांतरापूर्वीची जात यादीतील नावाने, असे दोन्ही उल्लेख लागतात. उदाहरणार्थ, महाराष्ट्राच्या यादीत ‘महार’ ही नोंद ३७ व्या क्रमांकावर आहे. मातंग वा चर्मकार समाजातून धम्मात आलेल्यांची मूळ नोंद अर्थातच वेगळी असते. महाराष्ट्रात धर्मांतरित बौद्धांच्या दाखल्यासाठी स्वतंत्र नमुना आहे.

जुन्या कागदांची कसोटी

बनावट दाखल्यांना आळा घालण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये माधुरी पाटील प्रकरणात पडताळणीची पद्धत घालून दिली. त्यापुढे महाराष्ट्राने २००० चा जात प्रमाणपत्र कायदा केला. तो ऑक्टोबर २००१ मध्ये अमलात आला, आणि २०१२ मध्ये अनुसूचित जाती आदींसाठी नवे नियम झाले. दाखला उपविभागीय अधिकारी देतात, पडताळणी जिल्हा समिती करते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० हा निर्णायक दिनांक आहे. त्यापूर्वीच्या जातीचा व वास्तव्याचा पुरावा मागितला जातो आणि बीडच्या माणसाची खरी अडचण येथे सुरू होते.

त्या काळचे बीडचे शासकीय दप्तर बहुतांशी उर्दूत आहे आणि सन फसली आहेत. फसली सनात ५९० मिळविले असता इसवी सन साधारणतः निघतो. अंबाजोगाईचा उल्लेख ‘मोमिनाबाद’ असा येतो. मराठवाड्यात जमिनीच्या पुराव्यासाठी पुष्कळदा पुढे केले जाणारे खासरा पत्रक १९५४-५५ चे, म्हणजे निर्णायक दिनांकानंतरचे आहे. शिवाय जे पिढ्यान्‌पिढ्या भूमिहीन राहिले, त्यांचे नाव जमिनीच्या कागदात येणार तरी कसे? ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांच्याकडेच शाळेचा १९५० पूर्वीचा उतारा मागणे, हा या व्यवस्थेतील मोठाच विरोधाभास होय. अशा वेळी वडिलांकडील रक्तनातेवाइकाचे वैधता प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष गृहचौकशी यांचा आधार घ्यावा लागतो.

एकाच घरातील तीन पिढ्यांच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यांवर आजोबा ‘महार’, वडील ‘नवबौद्ध’ आणि नातू ‘बौद्ध’ असे तीन शब्द आढळतात. ही विसंगती नसून हाच आपला इतिहास आहे. वंशावळीचे शपथपत्र या तीन शब्दांना एका सूत्रात ओवते. म्हणून ते अक्षरशः काळजीपूर्वक भरले पाहिजे. अशा शपथपत्रांवरील मुद्रांक शुल्क राज्याने २००४ मध्ये माफ केले आहे.

दुसरी अडचण स्थलांतराची. ऊसतोडीसाठी या जिल्ह्यातील कुटुंबे दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. जन्माची नोंद, १९६९ च्या कायद्यानुसार, जेथे जन्म झाला तेथेच होते. त्यामुळे फडावर जन्मलेल्या मुलाचा दाखला कानडीत असू शकतो. जन्म परराज्यात झाला म्हणून जात परराज्याची होत नाही. ती आई-वडिलांच्या मूळ राज्याच्या यादीनेच ठरते, आणि सवलतही त्या राज्याच्या संदर्भातच मिळते.

उपसंहार

या सर्व विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘धर्म’ या रकान्यात माणूस आज काय मानतो हे विचारलेले असते. ‘जात’ या रकान्यात समाजाने त्याच्या पूर्वजांना कोणत्या नावाने दूर ठेवले, हे विचारलेले असते. दुसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर दिल्याने पहिल्याला बाध येत नाही. १९९० पूर्वी या दोहोंत निवड करावी लागे. आता लागत नाही. तरीही दाखला जाईल या भीतीने काही घरांत अजून ‘हिंदू’ लिहिले जाते. २०२७ च्या जनगणनेत जातींचीही नोंद करण्याचा निर्णय केंद्राने २०२५ मध्ये जाहीर केला असल्याने हा गैरसमज वेळीच दूर होणे अगत्याचे आहे. गावोगावच्या विहारांनी आपल्या परिसरातील जुने उतारे, उर्दू कागद आणि त्यांची मराठी भाषांतरे यांची सूची तयार केली, तर विद्यार्थ्यांची सोय होईल, आणि या समाजाच्या इतिहासाचे एक अस्सल दप्तरही जतन होईल.