बाक्री दाखवायचे कसे?

नटावर माहितीपट करणाऱ्याला साहित्याची ददात नसते. चित्रपटांतले तुकडे, जुन्या मुलाखती, सहकाऱ्यांच्या आठवणी असे सगळे हाताशी असते. लेखकाच्या बाबतीत मात्र कॅमेऱ्याला धरायला काही सापडत नाही. एकच माणूस दोन्ही असला की व्यक्तिचित्र नटाकडे कलते आणि लेखक उल्लेखापुरता उरतो. झाँ-पिएर बाक्री (१९५१–२०२१) यांच्याबाबत हा धोका मोठा, कारण फ्रेंच प्रेक्षकाने त्यांना जीव लावला तो कपाळावरच्या आठ्यांसकट.

चरित्राचा भाग थोडक्यात उरकता येतो. जन्म अल्जेरियात, १९६२ साली कुटुंब कान शहरात आले. वडील टपाल खात्यात, सुट्टीच्या दिवशी चित्रपटगृहात काम करत. १९८७ साली पिंटरच्या एका नाटकात आन्येस जाऊई भेटल्या आणि दोघे जोडीने लिहू लागले. दिग्दर्शक आलँ रेने यांनी जोडीला 'जाबाक' असे एकच नाव ठेवले.

आता पुरस्कारांचा हिशेब पाहा. पटकथेसाठी सेझार चार, अभिनयासाठी एक, आणि तोही सहाय्यक भूमिकेचा. आठ्यांवर भाळलेल्या माहितीपटकाराने एवढे आकडे तरी समोर ठेवावेत.

लेखक बाक्री सापडतात ते बहुधा दुसऱ्याच्या तोंडी. 'अँ नेर द फामिय' (१९९६) हा त्याचा उत्तम नमुना. एका कुटुंबाची कॅफेतली एक संध्याकाळ, सून योलांदचा वाढदिवस. तिला कुत्रा भेट मिळणार असे आधीच ठरलेले. मग नवरा गळ्यातला हार देतो, तर तो तिला कुत्र्याचा पट्टा वाटतो, आणि कुत्र्याला एवढे भारी कशाला, असे ती निरागसपणे म्हणते. प्रेक्षक खो खो हसतो, पण त्या घरात तिची किंमत काय हे त्याला त्याच वाक्यात कळून चुकते. ही भूमिका करणाऱ्या कात्रीन फ्रो आणि वेटर झालेले झाँ-पिएर दारूसँ, दोघांनाही सहाय्यक भूमिकांचे सेझार मिळाले. बाक्रींनी स्वतःकडे घेतला तो बायको सोडून गेलेला कॅफेमालक.

इथे पद्धतीचा प्रश्न येतो. माहितीपटातला तुकडा अर्ध्या मिनिटाचा, त्यामुळे निवड नेहमी स्फोटाची होते: बाक्री चिडतात, गुरगुरतात, कापा. पण त्यांच्या लिखाणात चीड हा स्वभाव नसून परिणाम असतो. आधी कोणीतरी कोणाला तरी हलके लेखलेले असते. 'ल गू देझोत्र' (२०००) मधला कारखानदार कास्तेला नाटकवाल्यांच्या टेबलावर त्यांच्याबरोबर हसतो, आणि ते हसताहेत त्याच्यावरच. पुढे त्याच नाटकवाल्यांतली नटी क्लारा त्याला सावध करायला येते, की तुम्ही ज्यांची चित्रे घेता ते चित्रकार तुमचा फायदा घेताहेत. मला ती चित्रे खरेच आवडली असतील असे तुम्हाला क्षणभरही वाटले नाही का, असे काहीसे तो विचारतो. हे वाक्य सुटे कापून दाखवले तर दुखावलेला माणूस दिसतो. टेबलाचा प्रसंग आधी दाखवला तरच लेखक दिसतो. म्हणून माझा आग्रह असा की दहा चित्रपटांचे चाळीस तुकडे नकोत. दोन चित्रपट घ्या आणि प्रसंग लांब चालू द्या.

साक्षीदारांत जाऊईंची साक्ष सर्वांत मोलाची. आयुष्यातही जोडीदार असलेले हे दोघे २०१२ साली विभक्त झाले, तरी एकत्र लिहिणे थांबले नाही. 'प्लास प्युब्लिक' २०१८ सालचा. मात्र अमुक वाक्य कोणाचे, हे त्यांना विचारू नये. जोडीने घडलेल्या संवादाची वाटणी करण्यापेक्षा, एखादी ओळ का टाकून दिली ते विचारलेले बरे.